ज्यांना परतीची वाट नाही

बेंगळुरूहून हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गावर, शहराच्या उत्तरेस सुमारे 40 किलोमीटर अंतरावर देवनहळ्ळी हे तालुक्याचे गाव आहे. टिपू सुलतानाचे जन्मस्थान आणि दगडी तटबंदीचा किल्ला यांमुळे इतिहासाच्या अभ्यासकांना ते परिचित आहे. चकोता, म्हणजे आपण ज्याला पपनस म्हणतो, त्या फळामुळे ते बाजारपेठेतही परिचित आहे. परंतु या गावाच्या स्थापनेविषयी जी परंपरागत हकीकत सांगितली जाते, ती या दोहोंपेक्षा अधिक बोधप्रद आहे. पंधराव्या शतकात कांचीहून आश्रयासाठी निघालेले एक कुटुंब नंदीच्या परिसरात, रामस्वामी बेट्टा नावाच्या डोंगराच्या पायथ्याशी येऊन उतरले. त्या कुटुंबाचा प्रमुख रण बैरेगौडा याला स्वप्नात दृष्टान्त झाला आणि त्याने जवळच आवती हे गाव वसविले. पुढे त्याचा मुलगा मल्ल बैरेगौडा याने देवनदोड्डी येथे, तेथील देवरायाच्या संमतीने, 1501 मध्ये मातीचा किल्ला बांधला. तेच आजचे देवनहळ्ळी. चिक्कबळ्ळापूर आणि दोड्डबळ्ळापूर या गावांची स्थापनाही परंपरा याच घराण्याकडे देते.

दंतकथेचा अंश बाजूला ठेवला तरी या हकीकतीतील तीन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. आलेल्यांना पाय रोवण्यास भूमी मिळाली. जो आधीपासून तेथे होता त्याची संमती घेण्यात आली. आणि नव्या वस्तीचा कारभार वस्ती करणाऱ्यांच्याच हाती राहिला. या तीन गोष्टी जुळून आल्या म्हणून काल आश्रय मागणारे कुटुंब एका पिढीच्या अंतराने नगरे वसविणारे झाले. विस्थापितांच्या प्रश्नावर टिकाऊ उपाय कोणता, असा विचार आज जगभर चालतो. त्या विचाराचे सार या जुन्या हकीकतीत जवळजवळ पूर्णपणे आलेले आहे. आणि योगायोग असा की, त्याच देवनहळ्ळीच्या परिसरात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. मात्र या वेळी बाहेरून कोणी आश्रयाला आले नव्हते, तर जे तेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत होते त्यांनाच उठावे लागणार होते.

निर्वासितांच्या बाबतीत आंतरराष्ट्रीय व्यवहारात तीन मार्ग मानलेले आहेत. 1951 च्या निर्वासितविषयक करारापासून आणि त्याच वर्षी काम सुरू केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्त कार्यालयापासून ही विचारसरणी दृढ होत गेली. पहिला मार्ग स्वेच्छेने मायदेशी परतण्याचा. दुसरा, जेथे आश्रय मिळाला तेथेच मिसळून जाण्याचा. आणि तिसरा, एखाद्या तिसऱ्याच देशात नव्याने वसण्याचा. भारताने त्या करारावर सही केलेली नाही. तरीही या तिन्ही मार्गांचा अनुभव या देशाला, किंबहुना मराठी मुलखाला, चांगलाच आहे.

कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1943 पासून 1948 पर्यंत, सुमारे 5,000 पोलिश निर्वासितांची छावणी होती. सोव्हिएत रशियात हद्दपार झालेली ही माणसे इराणमार्गे हिंदुस्थानात आली होती. त्यांत स्त्रिया आणि मुले यांचाच भरणा अधिक होता. छावणीत शाळा होत्या, प्रार्थनामंदिर होते, दवाखाना होता. करवीरच्या भूमीने त्यांना पाच वर्षे सांभाळले. पण ती त्यांची अखेरची वस्ती ठरली नाही. काही पोलंडला परतली, पुष्कळशी इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिका अशा देशांत जाऊन स्थिरावली. त्यांच्या वाट्याला पहिला आणि तिसरा मार्ग आला. ती गेल्यावर त्याच बराकींत फाळणीने बेघर झालेले सिंधी निर्वासित राहावयास आले. त्यांना सिंधकडे परतणे शक्य नव्हते. त्यांनी दुसरा मार्ग पत्करला. त्या छावणीचे पुढे गांधीनगर झाले आणि कापडाची घाऊक पेठ म्हणून ते आज दक्षिण महाराष्ट्रात आणि लगतच्या कर्नाटकात प्रसिद्ध आहे. एकाच माळावर, एकाच बराकीत, काही वर्षांच्या अंतराने तिन्ही मार्ग पाहावयास मिळावेत, हे उदाहरण विरळाच म्हटले पाहिजे.

कर्नाटकातही असे उदाहरण आहे. तिबेटमधून आलेल्या निर्वासितांसाठी तत्कालीन म्हैसूर राज्याने बैलकुप्पे येथे सुमारे 3,000 एकर जमीन उपलब्ध करून दिली आणि 1960-61 च्या सुमारास तेथे जंगल तोडून वसाहत उभी राहिली. तेथील शेते, शाळा आणि विहार आज अनेकांनी पाहिलेले आहेत. ही माणसे आपली भाषा आणि धर्म जतन करू शकली, याचे एक कारण त्यांना सुटे सुटे न पांगविता एकत्र वसविण्यात आले हे होय. तथापि ज्यांनी तो देश सोडला, त्यांच्या मनात परतीची आशा अद्याप मावळलेली नाही. ती केव्हा फळेल हे सांगता येत नाही. पण ज्या डोंगराकडे आणि ज्या गावाकडे परतावयाचे, तो डोंगर आणि ते गाव जागेवर आहे.

येथेच दुसऱ्या एका वर्गाचा विचार करणे प्राप्त होते. मराठीने या वर्गासाठी एक अर्थपूर्ण शब्द घडविला आहे. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, भूकंपग्रस्त या मालिकेत मराठी भाषेने ‘प्रकल्पग्रस्त’ हा शब्द सहजपणे बसविला. कोणा व्याकरणकाराने तो योजलेला नाही. लोकांच्या अनुभवातून तो आला. धरण, कारखाना, विमानतळ ही राष्ट्राच्या दृष्टीने उन्नतीची साधने असतील. पण ज्याच्या घरावरून ती जातात त्याच्या दृष्टीने ती पूर आणि भूकंप यांच्याच पंक्तीत बसतात, हे त्या एका शब्दाने सांगून टाकले. फरक असलाच तर तो असा, की पूर ओसरतो. ओसरल्यावर चिखल उपसून त्याच चौकटीला पुन्हा दार बसविता येते. प्रकल्प ओसरत नाही.

देवनहळ्ळीच्या दक्षिणेस बेंगळुरूचा आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे. त्यासाठी सुमारे 4,000 एकर क्षेत्र घेण्यात आले आणि 24 मे 2008 रोजी तेथून विमाने उडू लागली. 2013 मध्ये या विमानतळाला बेंगळुरूचा संस्थापक केंपेगौडा याचे नाव देण्यात आले. शहराला या विमानतळाची गरज होती, हे मान्य केलेच पाहिजे. माहिती तंत्रज्ञानाच्या व्यवसायाने फुगलेल्या बेंगळुरूला जुना विमानतळ पुरा पडत नव्हता. पण जेथे आज धावपट्टी आहे तेथे पूर्वी नाचणीची शेते होती, तुतीचे मळे होते, काही वस्त्याही होत्या. त्या वस्त्यांतील माणसाला जगातील कोणतीही संस्था मायदेशी परतण्याचा मार्ग देऊ शकत नाही. तो घरापासून फार दूर गेलेला नाही. कदाचित चार-पाच कोसांवरच राहत असेल. मात्र त्याचे घर जेथे होते ते ठिकाणच उरलेले नाही. युद्धामुळे पळालेल्या माणसापुढे तीन वाटा असतात. प्रकल्पामुळे उठलेल्या माणसापुढची पहिली वाट पहिल्याच दिवशी कायमची बंद होते.

हा भेद केवळ तात्त्विक नाही. त्यातून एक अत्यंत व्यावहारिक निष्कर्ष निघतो. निर्वासिताच्या बाबतीत टिकाऊ उपायाचा शोध विस्थापनानंतर सुरू होतो. प्रकल्पग्रस्ताच्या बाबतीत तो विस्थापनापूर्वीच पूर्ण व्हावा लागतो. एकदा यंत्रे शेतात उतरली की उपाय शोधण्याचा काळ संपला. त्यानंतर उरते ती केवळ भरपाईची मोजदाद.

भरपाईने हा प्रश्न का सुटत नाही, याचा अभ्यास समाजशास्त्रज्ञांनी केलेला आहे. जागतिक बँकेत दीर्घकाळ काम केलेले मायकेल सर्निया यांनी विस्थापनातून उद्भवणारे आठ धोके दाखवून दिले: भूमी जाणे, रोजगार जाणे, घर जाणे, समाजातील स्थान घसरणे, अन्नाची शाश्वती संपणे, आजारपण वाढणे, सार्वजनिक साधनांना मुकणे आणि माणसांचे परस्परसंबंध तुटणे. या आठांपैकी रोख रकमेने कशाची भरपाई होते, हे पाहू लागले की जेमतेम पहिल्या तिहींचीच, तीही अपुरी होते असे दिसते. गायरान पैशाने परत मिळत नाही. तळ्याच्या काठची गुरे पाजण्याची जागा विकत घेता येत नाही. अडीअडचणीला अर्ध्या रात्री हाक मारावी असा शेजार कोणत्याही दरपत्रकात लिहिलेला नसतो.

शिवाय पैसा मिळतो तो ज्याचे नाव उताऱ्यावर असते त्याला. महाराष्ट्रात जसा सातबारा, तसा कर्नाटकात ‘पहाणी’ नावाचा उतारा असतो. त्या उताऱ्यावर सहसा घरातील कर्त्या पुरुषाचे नाव असते. त्याच शेतात जन्मभर खपलेल्या बाईचे नसते. दुसऱ्याच्या शेतावर मजुरी करणाराचे नसते, वाट्याने जमीन कसणाराचे नसते, गुरे-मेंढ्या चारणाराचे तर नसतेच. जमीन जाते तेव्हा मालकाचे उत्पन्न जाते, पण मजुराची चूलच विझते. आणि ज्याला पैसा मिळतो त्यालाही तो एकदम मिळतो. जमीन दरवर्षी थोडे थोडे देते आणि मालकाला जपून खर्च करावयास शिकविते. एकरकमी पैसा हे शिक्षण देत नाही. घर बांधणे, लग्नकार्य, वाहन, जुने कर्ज या वाटांनी तो निघून जातो, आणि वाढत्या शहराच्या सीमेवर त्याच पैशात तेवढीच जमीन पुन्हा घेणे अशक्य झालेले असते.

या अनुभवातूनच 1894 चा जुना भूसंपादन कायदा जाऊन 2013 चा कायदा आला आणि तो 1 जानेवारी 2014 पासून अमलात आला. त्याच्या नावातच भरपाईबरोबर पुनर्वसन आणि पुनर्वसाहत हे शब्द घातलेले आहेत. खाजगी कंपन्यांसाठी जमीन घ्यावयाची तर बाधित कुटुंबांपैकी 80 टक्क्यांची आणि सरकारी-खाजगी भागीदारीच्या प्रकल्पासाठी 70 टक्क्यांची पूर्वसंमती आवश्यक मानली गेली. समाजावर होणाऱ्या परिणामांचे आधी मूल्यांकन करणे बंधनकारक झाले. संपादनापूर्वी तीन वर्षे त्या जमिनीवर उपजीविका असलेला शेतमजूर आणि कूळही ‘बाधित कुटुंब’ या व्याख्येत आले. ही सुधारणा मोठी होती. परंतु राज्याराज्यांतून औद्योगिक क्षेत्रांसाठी जुने, स्वतंत्र कायदे आहेत. कर्नाटकात असा कायदा 1966 चा आहे. त्या कायद्याच्या वाटेने गेले की संमतीची आणि परिणाम-मूल्यांकनाची ही पायरी आड येत नाही. पुढच्या दाराला कुलूप घालून मागचे दार उघडे ठेवावे, तसे हे झाले.

याच मागच्या दाराशी देवनहळ्ळी तालुक्यातील चन्नरायपट्टण होबळीचे शेतकरी उभे राहिले. होबळी म्हणजे तालुक्याचा महसुली पोटविभाग. 2021 मध्ये या होबळीतील 13 गावांची 1,777 एकर जमीन औद्योगिक कारणासाठी घेण्याची प्राथमिक अधिसूचना निघाली; विमाने आणि संरक्षणसामग्री यांच्या उद्योगांसाठी तेथे वसाहत व्हावयाची होती. याच परिसरातील जमिनी औद्योगिक वसाहतींसाठी पूर्वीही गेलेल्या होत्या. त्यामुळे जमीन गेल्यानंतर काय होते हे या गावांना दुसऱ्याने सांगावयाची गरज नव्हती. 4 एप्रिल 2022 रोजी त्यांनी धरणे धरले. द्राक्षे, भाजीपाला, फुले, रेशीम आणि दूध यांवर जगणारी ही गावे. बेंगळुरूच्या रोजच्या बाजारात त्यांचा माल जातो. ‘आम्हाला अधिक भाव द्या’ असे त्यांचे मागणे नव्हते. ‘आम्हाला जमीन द्यावयाची नाही’ असे त्यांचे म्हणणे होते. या दोन वाक्यांतील अंतर ध्यानात न आल्यामुळेच अशा पुष्कळ वाटाघाटी फसतात.

मध्यंतरी राज्यात सरकार बदलले. गावठाणालगतची काही जमीन सोडण्याची तयारी दाखविण्यात आली, ती शेतकऱ्यांनी पुरेशी मानली नाही. 25 जून 2025 रोजी देवनहळ्ळीत मोठा मोर्चा निघाला आणि पोलिसांनी आंदोलकांना ताब्यात घेतले. त्यानंतर लेखक, कलावंत, कामगार आणि दलित संघटना यांचा पाठिंबा वाढत गेला. अखेर 15 जुलै 2025 रोजी, धरण्याच्या 1,198 व्या दिवसाच्या सुमारास, मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी हे संपादन सोडून देत असल्याची घोषणा केली. ज्यांना स्वेच्छेने जमीन द्यावयाची असेल त्यांच्याकडूनच ती अधिक दराने आणि विकसित भूखंड देऊन घेतली जाईल, असेही त्यांनी सांगितले.

या निर्णयावर टीका झाली आणि ती सर्वस्वी अनाठायी होती असे म्हणता येणार नाही. उद्योगाला जमीन लागते. उद्योग नसेल तर याच शेतकऱ्यांच्या शिकलेल्या मुलांना नोकऱ्या कोठून मिळणार, हा प्रश्न रास्त आहे. शेजारच्या आंध्र प्रदेशाने तर लगोलग त्या उद्योगांना आपल्याकडे येण्याचे आमंत्रण दिले. शिवाय संपादन थांबले म्हणून शहराचे सरकणे थांबत नाही. जमिनीचे भाव चढतात, दलाल दारी येतात, आणि सरकारने जी जमीन घेतली नाही ती एकेक तुकडा करून बाजार घेऊन जातो. तेव्हा 15 जुलैच्या घोषणेने प्रश्न कायमचा मिटला असे समजणे भाबडेपणाचे होईल. तरीही तिचे महत्त्व कमी होत नाही. ज्या वेळी उपाय शोधणे शक्य असते, त्या वेळी, म्हणजे उठण्यापूर्वी, तो शोधला गेला. निर्वासितांना उपलब्ध असलेल्या तीन मार्गांच्या आधी येणारा, न उठण्याचा मार्ग या गावांना मिळाला.

महाराष्ट्राला हा इतिहास नवा नाही. 1921 मध्ये सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मुळशीच्या मावळ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. तीन वर्षांनी तो संपला आणि धरण झाले. देशातील धरणविरोधी चळवळींचा आरंभ त्या लढ्यापासून मोजतात. पण मुळशी खोऱ्यातील घरे पाण्याखाली गेली ती गेलीच. पुढे नवी मुंबई वसविताना आगरी-कोळी समाजाच्या खाडीकाठच्या गावांनी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा दिला. जानेवारी 1984 मध्ये जासई परिसरात गोळीबार होऊन पाच आंदोलकांना प्राण गमवावे लागले. त्या बलिदानातून साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकाला परत देण्याचे तत्त्व आले. आणि नवी मुंबईच्या विमानतळासाठी गावे हलविताना ते प्रमाण साडेबावीस टक्क्यांपर्यंत गेले. या विमानतळाचे उद्‌घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी झाले. पुण्याजवळ हडपसरच्या मगरपट्ट्यात तर शेतकऱ्यांनी वेगळाच पायंडा पाडला. शहर अंगावर येणार हे ओळखून सुमारे 120 कुटुंबांनी आपली 400 एकरांहून अधिक जमीन एकत्र केली, स्वतःची कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात भाग घेऊन स्वतःच नगर उभारले. जमीन नांगराखालून गेली, पण मालकी हातून गेली नाही. अर्थात ज्यांच्या नावे जमीनच नव्हती, त्यांच्या प्रश्नाला या पद्धतीतही पूर्ण उत्तर नाही, हे विसरता कामा नये.

या सर्व अनुभवांतून काही सूत्रे हाती लागतात. देशांतर्गत विस्थापनाविषयी 1998 मध्ये संयुक्त राष्ट्रांपुढे मांडण्यात आलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी, व्यापक आणि अनिवार्य लोकहित नसताना मोठ्या विकासप्रकल्पांसाठी होणारे विस्थापन हे मनमानी विस्थापन मानले आहे. म्हणून पहिला प्रश्न ‘किती द्यावयाचे’ हा नसून ‘उठविणे अटळ आहे काय’ हा असला पाहिजे. आणि तो गावाला विचारून सोडविला पाहिजे. अटळ ठरलेच, तर मोजणी उताऱ्यांची न करता चुलींची करावी. गाव हलवावयाचे तर ते शेजारासह, शाळेसह, देवळा-मशिदीसह आणि स्मशानभूमीसह हलवावे. आणि नव्याने निर्माण होणाऱ्या संपत्तीत जुन्या मालकाचा आणि जुन्या मजुराचा चालू राहणारा वाटा असावा. एकदा पैसे मोजून त्याचे नाव वहीतून खोडून टाकू नये.

आणखी एक कसोटी आहे, ती सर्वांत कठीण. पुनर्वसनाचे कागद बहुधा शेवटचा धनादेश वाटला की बंद होतात. 2010 मध्ये संयुक्त राष्ट्रांशी संलग्न संस्थांनी देशांतर्गत विस्थापितांसाठी जी चौकट आखली, तिच्यात टिकाऊ उपाय साधला असे केव्हा म्हणावे याचे उत्तर वेगळे आहे. विस्थापनामुळे उद्भवलेली खास मदतीची गरज उरली नाही आणि माणूस कोणत्याही भेदभावाविना आपले हक्क उपभोगू लागला, म्हणजे विस्थापन संपले. सरळ मराठीत सांगावयाचे तर, ‘प्रकल्पग्रस्त’ हा शब्द ज्या घरातल्या मुलाला आपल्या अर्जावर लिहावा लागत नाही, ते घर वसले. या कसोटीला उतरण्यास वर्षे लागतात आणि त्या वर्षांचा हिशेब ठेवणारे कोणी तरी असावे लागते.

आवतीच्या त्या जुन्या कुटुंबाला कोणी विस्थापित म्हणून आज ओळखत नाही. पाचशे वर्षांपूर्वी त्यांच्यासाठी जे जुळून आले ते दैवाने आले असेल. आज ते कायद्याने आणि विवेकाने जुळवून आणावे लागते. देवनहळ्ळीवरून रोज शेकडो विमाने जातात आणि खिडकीशी बसलेल्या प्रवाशाला खाली तळी, द्राक्षांचे मांडव आणि नाचणीची शेते दिसतात. त्यांपैकी चन्नरायपट्टणच्या तेरा गावांची शेते आज त्यांच्या मालकांकडे आहेत. ती उद्याही कसली जावीत की अन्य कोणत्या कामी यावीत, हे ठरविताना त्या गावांना प्रथम विचारले जाईल, एवढी खात्री जरी त्यांना मिळाली, तरी मल्ल बैरेगौडाच्या काळी पाळलेला शिष्टाचार पाचशे वर्षांनंतरही लोपलेला नाही असे म्हणता येईल.